जर्नल, व्हायवा आणि वाळूचा टिब्बा

मित्रांनो, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. मोबाईल खिशात ठेवा आणि उत्तर द्या.

दिवाळीत दारात रांगोळी काढली आणि वारा सुटला तर काय होतं? रांगोळी पसरते. स्पोर्ट्सच्या दिवशी ग्राउंडवर मारलेली फक्कीची रेघ दुपारपर्यंत कुठे जाते? पसरते. होस्टेलच्या टेबलावर टाल्कम पावडर सांडून फॅन लावला तर काय होतं, ते रूम पार्टनरला विचारा. थोडक्यात, वारा वस्तू पसरवतो हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मग वाळवंटात त्याच वाऱ्याने वाळू पसरवून सगळं सपाट का केलं नाही? उलट ती गोळा करून तिच्या टेकड्या कशा रचल्या? आणि वर त्यांना चंद्रकोरीसारखा रेखीव आकार कसा दिला?

मला हा प्रश्न वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. तो का पडला नव्हता, त्याबद्दल हा लेख आहे.

शाळेत भूगोलाच्या पेपरात 'एका वाक्यात उत्तरे लिहा' मध्ये हे यायचं. बारखन म्हणजे काय? मी लिहायचो, 'चंद्रकोरीच्या आकाराच्या वालुकागिरीला बारखन म्हणतात.' एक मार्क मिळायचा आणि विषय संपायचा. चंद्रकोरच का, पोळीसारखा गोल का नाही, असं ना मी विचारलं ना कुणी विचारू दिलं. त्या एका मार्काने माझ्या डोक्यातला प्रश्न जन्मायच्या आधीच मारून टाकला!

तो जिवंत झाला सेकंड इयरच्या आय.व्ही.मध्ये. आय.व्ही. म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. दोन तास प्लांट, पाच दिवस फिरणं. मार्चमध्ये आम्ही जैसलमेरला गेलो आणि संध्याकाळी तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या सम गावच्या टिब्ब्यांवर. सगळी गँग फोटो काढण्यात दंग. तेवढ्यात वारा वाढला आणि घोट्यांना बारीक सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं. गंमत म्हणजे चेहऱ्याला काहीच लागत नव्हतं. खाली पाहिलं तर पायाशी वाळूचा एक पातळ पडदा सरसर पुढे सरकत होता. गुडघ्याच्या वर जवळजवळ काही नाही. मी उंटवाल्या चाचांना विचारलं, "चाचा, ये टिब्बा हमेशा यहीं रहता है क्या?" चाचा हसले. "बाबूजी, टिब्बा कभी रुकता है क्या? चलता रहता है."

चालतो? एवढा मोठा ढिगारा? आणि सुया फक्त घोट्यालाच का? परतीच्या ट्रेनमध्ये पत्ते खेळतानाही तेच डोक्यात. कॉलेजला आल्यावर लायब्ररीत गेलो (हो, परीक्षा नसताना!) आणि तिथून वाचत वाचत एका माणसापर्यंत पोचलो. त्याची ओळख करून द्यायलाच हवी.

त्याचं नाव राल्फ बॅग्नोल्ड. जन्म १८९६. ब्रिटिश सैन्यात इंजिनिअर. पहिल्या महायुद्धानंतर केंब्रिजमधून इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि पुन्हा सैन्यात. इजिप्तमध्ये पोस्टिंग असताना हा पठ्ठ्या सुट्टीत काय करायचा, तर मित्रांना घेऊन फोर्ड गाड्यांतून लिबियाच्या वाळवंटात घुसायचा. जिथे गाडी जाऊच शकत नाही असं सगळे म्हणायचे, तिथे. त्यासाठी टायरमधली हवा कमी करायची युक्ती वापरली. होकायंत्राला गाडीच्या लोखंडाचा त्रास होतो म्हणून सूर्याच्या सावलीवर चालणारा कंपास बनवला. हे सगळं जुगाडच, पण विचार करून केलेला.

या भटकंतीत त्याला तोच प्रश्न पडला, की वाळू पसरायच्या ऐवजी गोळा का होते? फरक एवढाच की तो त्याने सोडला नाही. १९३५ मध्ये सैन्यातून निवृत्त झाला आणि लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये स्वतःच्या हाताने विंड टनेल उभारला. त्यात वाळू टाकून तिच्या कणांच्या उड्या मोजल्या. तेवढ्यावर समाधान न मानता १९३८ मध्ये तो पुन्हा वाळवंटात गेला आणि प्रत्यक्ष वादळात उभं राहून आपले आकडे तपासून पाहिले. १९४१ मध्ये वाहती वाळू आणि टिब्बे यांच्या भौतिकशास्त्रावर त्याचं पुस्तक आलं. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, पण या विषयावर लिहिणारा माणूस आजही त्या पुस्तकापासूनच सुरुवात करतो. मंगळावर क्युरिऑसिटी रोव्हरने २०१५ च्या अखेरीस ज्या काळ्या टिब्ब्यांचा अभ्यास सुरू केला, त्यांनाही बॅग्नोल्डचंच नाव दिलेलं आहे.

आता त्याने काय शोधलं ते पाहू. घाबरू नका, सेकंड इयरच्या पलीकडचं काही नाही.

वाळूचा कण साधारण पाव मिलिमीटरचा. धुळीसारखा हवेत तरंगत राहायला तो जड, आणि खड्यासारखा जागेवर बसून राहायला हलका. मग तो उड्या मारतो. वारा त्याला उचलतो, पुढे ढकलतो, तो खाली आपटतो आणि आपटताना दुसऱ्या दोन-चार कणांना उडवतो. घोट्याला टोचणाऱ्या सुया म्हणजे हेच उड्या मारणारे कण. जे कण उडण्याइतके हलके नसतात, ते या माऱ्याने जमिनीवरूनच पुढे सरपटतात. बॅग्नोल्डने दाखवलं की एक उडता कण आपल्या सहापट व्यासाच्या कणाला हलवू शकतो. सहाचा घन करा, २१६ येतो. म्हणजे स्वतःच्या दोनशेपट वजनाला धक्का!

अजून एक मजा. वाळू हलायला सुरुवात व्हायला वाऱ्याचा जो वेग लागतो, त्यापेक्षा ती हलती राहायला कमी लागतो, साधारण ऐंशी टक्के. धक्का-स्टार्ट स्कूटर आठवा. पहिला धक्का जोरात द्यावा लागतो, एकदा सुरू झाली की मग ती आपली आपण चालते. इथे तो चालू ठेवणारा धक्का आपटणारे कणच देतात.

आता मूळ प्रश्न. ढीग का होतो? टेबल टेनिसचा बॉल फरशीवर टाका, टणाटण उडेल. तोच पिठाच्या परातीत टाका, तिथेच बसेल. वाळवंटातल्या कडक, खडीच्या जमिनीवर कण लांब लांब उड्या मारत जातो. वाटेत वाळूचा एखादा पट्टा लागला, की त्याची ऊर्जा तिथल्या कणांना हलवण्यात खर्च होते आणि तो थांबतो. म्हणजे जिथे वाळू आहे तिथेच आणखी वाळू बसते. रांगोळी पसरते आणि वाळू जमते, त्याचं बॅग्नोल्डने दिलेलं कारण हे.

पुढे २००० नंतर फ्रान्स आणि जर्मनीतल्या लोकांनी यात एक महत्त्वाची भर घातली. उंचवट्यावरून जाताना वाऱ्याचा जोर सर्वांत जास्त असतो तो माथ्यावर नाही, माथ्याच्या किंचित आधी. पण वाळूचा ओघ वाऱ्याच्या या बदलाशी लगेच जुळत नाही, त्याला साधारण मीटरभर अंतर लागतं. ढीग खूप छोटा असेल तर ओघ कमाल होईपर्यंत माथा मागे पडतो आणि माथाच झिजतो. ढीग पुरेसा मोठा असेल तर ओघ माथ्याच्या आधीच कमाल होऊन घटायला लागतो, मग उरलेली वाळू माथ्यावर बसते आणि ढीग वाढतो. म्हणून पृथ्वीवर टिकाऊ टिब्बा साधारण वीस मीटर लांबीपासून सुरू होतो. तुमच्या दारातल्या वाळूच्या ढिगाचा बारखन होत नाही तो यामुळे.

आणि टिब्बा चालतो कसा? वाऱ्याकडच्या मंद उतारावरून वाळू वर चढते, माथ्यावरून पलीकडे पडते. पलीकडचा उतार साधारण चौतीस अंशांचा झाला की घसरतो. एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला टाकणं अखंड चालू. समजा टिब्ब्याच्या दर मीटर रुंदीला माथ्यावरून वर्षाला १०० घनमीटर वाळू पलीकडे पडते. टिब्बा ५ मीटर उंच असेल तर तो वर्षात १०० भागिले ५, म्हणजे २० मीटर पुढे सरकेल. १० मीटर उंच असेल तर १० मीटर. झालं! छोटा टिब्बा पळतो, मोठा रेंगाळतो. यात कंटिन्युइटी इक्वेशनच्या पलीकडे काहीही नाही.

आता चंद्रकोर पाहा. एकाच टिब्ब्यात मधला भाग उंच, कडा बुटक्या. बुटका भाग जास्त वेगाने पुढे जातो. म्हणून दोन्ही कडा पुढे निघतात आणि वाऱ्याच्या दिशेने रोखलेली दोन शिंगं तयार होतात. जे उत्तर मी शाळेत पाठ केलं, त्याचं कारण एका भागाकारात होतं. आणि ते मला कुणी सांगितलं नाही, यापेक्षा मी विचारलं नाही, याची जास्त लाज वाटली.

कुणी म्हणेल, छान आहे, पण याचा उपयोग काय? सिव्हिलवाल्यांनी तरी हे विचारू नये. वाळूचा ओघ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात असतो. जमिनीलगतचा वेग निम्मा केला तर ओघ आठव्या हिश्श्यावर येतो, कधी पूर्ण थांबतो. चीनमध्ये बाओतौ-लांझौ रेल्वे १९५८ मध्ये सुरू झाली. ती वाळूखाली जाऊ नये म्हणून शापोतौला काय केलं? गवताच्या काड्या मीटर-मीटरच्या चौकटींत जमिनीत खोचल्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. आपल्याकडे जोधपूरला 'काझरी' ही मरुभूमी संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात १९५२ ची. तिथल्या लोकांनी खिंप, सिणिया अशा स्थानिक झुडपांचे आडोसे लावून टिब्बे स्थिर करण्याची पद्धत बसवली. इंदिरा गांधी कालव्याच्या कडेने झाडांचे पट्टे लावले तेही कालवा वाळूने भरू नये म्हणून. थरमधले बरेचसे टिब्बे तर बारखनच्या उलटे आहेत. शिंगं वाऱ्याकडे, पोट पुढे. कारण शिंगं झुडपांनी धरून ठेवलेली असतात आणि मधला उघडा भाग पुढे जातो. म्हणजे टिब्ब्याचा आकार बघून तिथे झाडी किती धरली आहे ते कळतं. हे कळणारा इंजिनिअर रस्ता कुठून न्यायचा ते सांगू शकेल. बारखनची व्याख्या पाठ असलेला सांगू शकणार नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. इथून पुढे काही जणांना राग येईल, आधीच सॉरी.

आपल्या कॉलेजात, आणि खरं सांगायचं तर बहुतेक कॉलेजांत, जर्नल कसं लिहिलं जातं? सबमिशनच्या आदल्या रात्री सीनिअरच्या जर्नलची पीडीएफ ग्रुपवर येते आणि सगळा मजला ती 'छापतो'. मीही छापली आहे. व्हेंच्युरीमीटरच्या प्रॅक्टिकलला आमच्या अख्ख्या बॅचचा सीडी ०.९८ आला. त्या दिवशी जे गावाला गेले होते त्यांचासुद्धा ०.९८! एका जर्नलमध्ये तर जी ची किंमत ९.८१ च्या ऐवजी ९.१८ होती. मागे जाऊन शोधलं तर ती चूक तीन बॅच आधीपासून चालत आली होती. तीन वर्षं, शेकडो मुलं, सगळ्यांना सही मिळाली. टिब्बा तरी वाऱ्याने सरकतो, आपली चूक कुणी न ढकलताच सरकत होती.

यात फक्त फसवणूक आहे म्हणून मी चिडत नाही. मला वाटतं नुकसान वेगळंच आहे. उत्तर आधीच माहीत असलं की आपण यंत्राकडे बघतच नाही. नळीतलं पाणी चढतंय की उतरतंय याच्याशी आपला संबंध राहत नाही, फक्त ०.९८ कसा येईल याच्याशी राहतो. असं चार वर्षं केल्यावर बघण्याची सवयच जाते. बॅग्नोल्डचं मोठेपण त्याच्या गणितात होतंच, पण त्याआधी ते घोट्याला का टोचतं आणि चेहऱ्याला का नाही, याकडे लक्ष जाण्यात होतं.

हे नुसतं बोलून दाखवायला सोपं आहे, म्हणून आम्ही तिघांनी एक गोष्ट केली. पाण्यात टिब्बे लहान होतात असं वाचलं होतं. कारण सोपं आहे. टिब्ब्याचं माप कणाचा व्यास गुणिले वाळू आणि प्रवाह यांच्या घनतेचं गुणोत्तर, यावर ठरतं. हवेसाठी हे गुणोत्तर २,२०० च्या आसपास, पाण्यासाठी फक्त २.६५. म्हणजे वाळवंटातला वीस मीटरचा टिब्बा पाण्यात दोन-अडीच सेंटिमीटरचा! मग आपल्या लॅबमधला टिल्टिंग फ्ल्यूम काय वाईट आहे?

पहिला विरोध लॅबच्या मामांचा. "वाळू पंपात गेली तर सर मला विचारणार, तुम्हाला नाही." बरोबरच होतं त्यांचं. शेवटी मामांनीच शेवटच्या टाकीला बारीक जाळी बसवायची आयडिया दिली. बारीक वाळू चाळून, धुऊन घेतली. फ्ल्यूमच्या तळाशी चमच्याने दोन ढीग घातले, एक साधारण ६ मिलिमीटर उंच, दुसरा १२. काचेला कागदी पट्टी चिकटवली आणि पाणी हळूहळू वाढवलं.

आधी काहीच होईना. मग कण सरपटायला लागले. आणि काही मिनिटांत, मित्रांनो, त्या गोल ढिगांना शिंगं फुटली! पुस्तकातला बारखन, माझ्या नखाएवढ्या उंचीचा, डोळ्यांसमोर चालायला लागला. मामा पण स्टूल ओढून बसले.

मग रीडिंग घेतली. छोट्याला दहा सेंटिमीटर जायला चार मिनिटं लागली. हिशेबाने मोठ्याला आठ लागायला हवी होती. आली साडेसहा. परत केलं, साडेसात. परत केलं, सहा. एकदाही आठ नाही! आम्ही बराच वेळ डोकं खाजवलं. नंतर लक्षात आलं की शिंगांच्या टोकांतून वाळू सतत निसटत होती, त्यामुळे ढीग चालता चालता बुटका होत होता. सुरुवातीची उंची धरून हिशेब केला तो चुकीचा. शिवाय काचेतून तिरकं बघून उंची मोजणं हाही आनंदच. मी जर्नलमध्ये तिन्ही रीडिंग तशीच लिहिली आणि खाली लिहिलं, 'थिअरीशी जुळत नाही, संभाव्य कारणे अशी.' माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं जर्नल. सरांनी ते वाचलं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, आणि विचारलं, "उंची दर मिनिटाला का नाही मोजली?" व्हायवात मला विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न.

आता आक्षेप. पहिला, वेळ कुठे आहे? एका सेमिस्टरला पाच विषय, प्रत्येकाची आठ-दहा प्रॅक्टिकल, एका सेटअपवर वीस पोरं. मान्य. मी सगळी प्रॅक्टिकल अशी करा म्हणत नाही. दुसरा आक्षेप, कंपनीवाले हे विचारत नाहीत, ॲप्टिट्यूड विचारतात. तेही मान्य. घरी लोनचा हप्ता असताना 'ज्ञानासाठी ज्ञान' हे भाषण द्यायची माझी हिंमत नाही. पण साइटवर कॉंक्रीटचा क्यूब फेल गेला, आणि वरून फोन आला की आकडा 'ॲडजस्ट' कर, तेव्हा काय करायचं हे ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात नाही. ज्याने चार वर्षं ०.९८ छापलाय, त्याचा हात तेव्हा थरथरेल का? फ्ल्यूममध्ये बुडणारं काही नव्हतं. त्या स्लॅबखाली माणसं राहणार आहेत.

तिसरा आक्षेप सर लोकांचा, की थिअरीशी न जुळणारं रीडिंग आलं तर पोरं म्हणतात मार्क जातील. इथे मात्र चेंडू सरांच्या कोर्टात आहे. न जुळलेल्या खऱ्या रीडिंगला जुळलेल्या खोट्यापेक्षा कमी मार्क मिळत असतील, तर आम्ही काय शिकायचं ते ठरूनच गेलं ना!

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. प्रत्येक सेमिस्टरला, प्रत्येक लॅबमध्ये, फक्त एक प्रॅक्टिकल असं असावं ज्याचं उत्तर सीनिअरच्या जर्नलमध्ये नाही. सेटअप जुनाच, प्रश्न नवा. मेकॅनिकलवाल्यांना, इलेक्ट्रिकलवाल्यांना आपापले प्रश्न सापडतील. आणि त्या जर्नलला शेवटी एक पान सक्तीचं असावं. त्याचं शीर्षक 'काय जुळलं नाही'. मार्क त्या पानाला. मॅनेजमेंटला यासाठी एक रुपयाही लागणार नाही. आमचा सगळा खर्च जाळीचे साठ रुपये आणि मामांचा चहा.

फ्ल्यूम बुधवारी दुपारी रिकामा असतो, मामांना विचारून घेतलंय. दोन सारख्या उंचीचे ढीग एकामागे एक ठेवले तर काय होतं, हे करायचं राहिलंय. केंब्रिजमध्ये २०२० साली गोल टाकीत हेच करून पाहिलं, तर मागचा ढीग पुढच्याला न शिवताच लांब ढकलत होता, मागच्यापासून उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे. आपल्या सरळ फ्ल्यूममध्ये तसं दिसेल की नाही ते कुठल्याच पीडीएफमध्ये नाही. यायचं असेल त्यांनी या. येताना स्टॉपवॉच आणा, आणि दर मिनिटाला उंची मोजायला एक जण लागेल.

— तृतीय वर्ष, स्थापत्य